मुलांचा छळ: ओळखा, थांबवा

मारझोड, सतत टाकून बोलणं, आजारपणात दुर्लक्ष, लैंगिक अत्याचार हा सगळा मुलांचा छळच. अशी मुलं दचकतात, गप्प होतात, अंथरूण ओलं करतात, अभ्यासात मागे पडतात. आम्हा शिक्षकांना ते वर्गात दिसतं. भावंडंही भीतीत वाढतात.

मारण्याला आपण तरबियत म्हणतो. पण हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षं प्रेषितांची (स.) खिदमत केली, त्यांना कधी ‘उफ्’सुद्धा ऐकावं लागलं नाही.

शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. लैंगिक अत्याचार कळूनही मोठ्यांनी पोलिसांना न कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे, करणारा नातेवाईक असला तरी. बदनामीच्या भीतीने लेकराला गप्प बसवू नका. १०९८ वर फोन करा. तो मोफत आहे.