मैफल उठून गेल्यावर

फराळाची ताटे उचलली गेली, मुले अंगणात भुईनळ्यांभोवती जमली, आणि घरातल्या एखाद्या जाणत्याने यंत्रावर जुनी मैफल लावली की पहिल्यांदा कानी पडते ते गाणे नसतेच. तंबोऱ्याची जुळवाजुळव चाललेली असते. कोणी खाकरते. कोणी दबक्या आवाजात 'जरा पुढे सरका' म्हणते. आत कुठेतरी कपबशा वाजतात. मग गवयाचा षड्ज लागतो आणि ती सारी माणसे एकदम गप्प होतात. हे गप्प होणेदेखील फितीवर ऐकू येते! आपल्यापैकी पुष्कळांनी ते ऐकले असेल. पण विकण्यासाठी न गायलेले हे गाणे आपल्या दिवाणखान्यापर्यंत आले कसे, याचा विचार फारसा होत नाही. मला त्या वाटेचा नाद आहे. वर्ध्यासारख्या गावी राहून असले नाद परवडतात.

प्रथम जे आले नाही त्याविषयी. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. हिंदुस्थानात तबकड्यांचा धंदा सुरू होऊन तोवर चव्वेचाळीस वर्षे लोटली होती, तरी त्यांची एकही तबकडी नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाज कसा होता हे आपण फक्त त्यांच्या शिष्यांच्या तोंडून ऐकायचे. जे गवई यंत्रापुढे बसले त्यांना तरी काय मिळाले? १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजानने पहिल्या तबकड्या दिल्या तेव्हापासून पुढे जवळजवळ अर्धशतक एका बाजूची मर्यादा तीन-साडेतीन मिनिटांचीच राहिली. ज्या रागाची नुसती ओळख करून द्यायला अर्धा तास लागावा, तो राग चहा निवायच्या आत संपवायचा. त्या तबकड्या फार मोलाच्या आहेत, त्यांतल्या काहींवर माझा जीव आहे. तरीही जुने गाणे म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ते खरोखर तीन मिनिटांचे गाणे होय, ही गोष्ट मनातून जात नाही.

मैफल पुरी पकडायला चुंबकीय फीत यावी लागली. ती जर्मनीत १९३५ च्या सुमारास सिद्ध झाली आणि महायुद्ध संपल्यावर जगभर पसरली. आमच्या भागात नागपूरचे नभोवाणी केंद्र १९४८ साली निघाले. १९५२ पासून शनिवारी रात्री अखिल भारतीय संगीत कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावचे रसिक रेडिओला कान लावून बसू लागले. लवकरच काही हौशी लोकांनी परदेशी बनावटीची टेपची यंत्रे मिळवली. ती पेटीएवढी जड, उचलायला दोन माणसे लागत. पण ज्याच्याकडे ते यंत्र असे त्याला गाण्याच्या बैठकीत गवयाच्या खालोखाल मान मिळे, आणि बसायला खांबाजवळची जागा.

असे एक गृहस्थ हिंगणघाटला होते. कापसाची अडत त्यांचा पिढीजात धंदा. गणपती असो, कोजागिरी असो, नाहीतर कोणाच्या घरची खाजगी बैठक असो, यंत्र घेऊन ते हजर. सात इंची रीळ, बाराशे फुटांची फीत. पावणेचार इंचांच्या वेगाने चालवली तर एका पट्टीवर तासाभरापेक्षा थोडे अधिक गाणे बसे. फीत महाग, म्हणून ते वेग आणखी अर्ध्यावर आणत. आवाज जरा दबे. पण त्यांचे म्हणणे असे, की अर्धी मैफल स्वच्छ असण्यापेक्षा पुरी मैफल मळकी बरी. मला हे पटत आले आहे. रीळ बहुधा द्रुत लय ऐन रंगात आली की संपे. दुसरे चढवीपर्यंत दीडदोन मिनिटे जात, आणि ती मिनिटे कायमची गेली.

त्यांच्या पश्चात त्या रिळांचा पेटारा त्यांच्या चिरंजीवांनी माझ्या स्वाधीन केला. विदर्भाच्या हवेत फीत टिकणे सोपे नाही. पावसाळ्यात बुरशी धरते, उन्हाळ्यात पारा सेहेचाळीसवर जातो. जुन्या ॲसिटेटच्या फिती विटल्या की त्यांना शिर्क्यासारखा आंबट वास येतो. उघडता क्षणी कळते की ही गेली. नंतरच्या काळातल्या काही फितींचा थर चिकट होऊन यंत्राच्या तोंडाशी खरवडून निघतो. अशा फितीला मंद आचेवर, पन्नास-पंचावन्न अंशांवर, आठ-दहा तास शेकून काढतात आणि लगेच दुसरीकडे उतरवून घेतात. मी हे प्रथम सांगितले तेव्हा आमच्या घरात कोणी विश्वास ठेवला नाही. शंकरपाळ्यांच्या भट्टीत गाणे भाजतात काय, असे विचारणे झाले.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आला तो त्या पेटाऱ्यापाशी बसला आणि म्हणाला, "मामा, तुमच्यासारखे वेडे आमच्याकडे हजारोंनी आहेत." मग त्याने मला ग्रेटफुल डेड नावाच्या वाद्यवृंदाची हकीकत सांगितली. नाव सणासुदीला उच्चारण्याजोगे नव्हे, 'कृतज्ञ मृत' असा त्याचा अर्थ. एका जुन्या लोककथेत बेवारशी प्रेताचा अंत्यविधी करणाऱ्या वाटसरूला तो मृतात्मा पुढे साह्य करतो, त्यावरून ते आले. ही मंडळी १९६५ पासून १९९५ पर्यंत, त्यांचा प्रमुख जेरी गार्सिया वारेपर्यंत, गातवाजत फिरली. कार्यक्रम दोन हजारांहून अधिक. एकच चीज दोन रात्री सारखी वाजवायची नाही, कुठे थांबायचे ते आधी ठरवायचे नाही, ही त्यांची रीत. गिटारींचा तो गोंगाट माझ्या कानाला अजून पुरता मानवलेला नाही. पण रीत ओळखीची वाटली.

त्यांच्या श्रोत्यांनी टेपची यंत्रे आणायला सुरुवात केली तेव्हा वृंदाने ती हिसकावून घेतली नाहीत. उलट १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागा राखून ठेवली. अट एवढीच, की फिती विकायच्या नाहीत. आपसांत टपालाने खुशाल पाठवाव्यात. अशा अदलाबदलीतच डिक लॅटव्हाला नावाचा एक रसिक नावारूपाला आला. वृंदाने त्याला थेट आपल्या फितींच्या कोठाराचा राखणदार केले. १९९३ पासून त्याच्या निवडीने जुन्या मैफली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध होऊ लागल्या. तो १९९९ साली वारला. तरी त्याच्या नावाची मालिका २००५ पर्यंत चालून छत्तीस भागांवर थांबली. त्या संचांवर ग्राहकाला बजावलेले असे, की मूळ फितीतले दोष यात आहेत, समजून घ्या. माल खपवण्याची ही तऱ्हा मला फार आवडली.

त्यांच्याकडेही सारे काही नीट जपले गेले असे समजू नये. बेटी कँटर या बाईंनी १९७७ च्या मे महिन्यात कॉर्नेल विद्यापीठातला एक कार्यक्रम उतरवला होता. पुढे त्यांच्या शेकडो फिती भाड्याच्या कोठारात पडून राहिल्या. भाडे थकले आणि १९८६ साली सामानाबरोबर त्यांचाही लिलाव झाला. त्याच कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१२ साली कायम जतन करण्याच्या यादीत घातले, आणि अधिकृत प्रकाशनाला २०१७ साल उजाडले. मध्ये चाळीस वर्षे गेली.

भाच्याने जी तबकडी मला खास आणून दिली ती मात्र निराळीच होती. ऑस्ली स्टॅन्ली हा त्या वृंदाचा ध्वनियोजक. आपले काम कसे झाले हे मागाहून तपासता यावे म्हणून तो प्रत्येक कार्यक्रम फितीवर घेई. त्याला तो आपली ध्वनिरोजनिशी म्हणे. १९७० च्या २९ मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकाठी एका नाचगाण्याच्या सभागृहात अली अकबरखाँसाहेबांचे सरोदवादन झाले. सतारीवर इंद्रनील भट्टाचार्य आणि तबल्यावर आपल्या माहीमचा झाकीर हुसेन, वय वर्षे एकोणीस. तेही या गृहस्थाने उतरवून ठेवले. स्टॅन्ली २०११ मध्ये अपघातात गेला, खाँसाहेब त्याआधीच २००९ मध्ये. तबकडी निघाली २०२० साली, बरोबर पन्नास वर्षांनी. झाकीरभाईंनी २०२४ च्या डिसेंबरात त्याच शहरात देह ठेवला. त्यांचा कोवळा तबला आज ऐकताना पुढचे सारे आयुष्य आपल्याला ठाऊक असते, त्यांना नसते.

या तबकडीच्या वेष्टनाने मला विचारात पाडले. त्यावर दिवस होता, जागा होती, साथीदारांची नावे होती. आता आपल्याकडे पाहावे. कॅसेटी स्वस्त झाल्यावर, १९८० नंतर, आपल्या रसिकांच्या घरांतल्या मैफली दुकानात येऊ लागल्या. वसंतराव देशपांडे आमच्या विदर्भाचे. जन्म मूर्तिजापूरचा, १९२० चा, आणि गाणे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. आयुष्याची कितीतरी वर्षे सरकारी हिशेबखात्यात खर्डेघाशी केली. १९८३ साली ते गेले. त्यांच्या हयातीत बाजारात आलेले शास्त्रोक्त गाणे थोडे. आज घरोघर ऐकू येणारे वसंतराव बव्हंशी मैफलींच्या फितींतले आहेत. द. वि. पलुस्कर १९५५ साली चौतिसाव्या वर्षी गेले. नभोवाणीने जपलेले त्यांचे गाणे पुढे बाहेर आले म्हणून एवढे तरी आपल्या वाट्याला आले. याबद्दल कृतज्ञ असावे तेवढे थोडे. पण माझ्या कपाटातल्या असल्या कॅसेटींपैकी निम्म्याहून अधिकांवर रागाचे नाव आणि गवयाचा फोटो याखेरीज काही नाही. साल नाही, गाव नाही. तबलजी कोण, पेटीवाला कोण, पत्ता नाही. गवयाचे मधले बोलणे कापलेले, दाद मंद केलेली, आणि काहींत तर आवाज विहिरीतून यावा तसा घुमवलेला.

तेव्हा साल शोधायला इतर खुणा धराव्या लागतात. नभोवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. तेव्हा त्या काळातल्या फितीवर पेटी वाजली की ते गाणे रेडिओवरचे नव्हे, बैठकीतले, हे निश्चित. विजेचा बारीक घूंकार पन्नास कंपनांचा असतो. तो वरखाली झालेला दिसला की यंत्राचा वेग चुकला होता हे कळते, आणि त्या मापाने गवयाची पट्टी ठिकाणावर आणता येते. नाहीतर काळी दोनमध्ये गाणारा गवई काळी तीनमध्ये ऐकून आपण त्याच्या आवाजाची भलतीच मीमांसा करत बसतो.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो सोपा नाही. हे सारे गवयाला चालले असते का? केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अतिशय कडक. दैवगती पाहा, त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दोन व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली, आणि दुसरे यान सुटल्यावर अकरा दिवसांनी बाई वारल्या. परग्रहावरच्यांना त्यांची तबकडी ऐकायची मुभा आहे. त्यांचा तासाचा राग ऐकायचा तर आपल्याला कोणाच्या तरी खाजगी फितीकडेच वळावे लागते. कायद्याने गायक-वादकाला आपल्या सादरीकरणावर हक्क दिला तो १९९४ साली. आधी पंचवीस वर्षांचा, मग १९९९ मध्ये पन्नासांचा. त्यापूर्वीच्या बैठकीत खांबामागे यंत्र लावणाऱ्याला विचारणारे कोणी नव्हते. माझे मत विचाराल तर वारसांना विचारावे, त्यांचा वाटा त्यांना द्यावा, पण गाणे पेटीत कुजू देऊ नये. बिघडलेल्या आवाजाची रात्र प्रसिद्ध करावी की नाही, यावर माझे आणि माझ्या भाच्याचे अजून जमलेले नाही. तो म्हणतो, करावी. मी म्हणतो, बुवांनी त्या रात्री स्वतःच माफी मागितली असेल तर ती माफीही ठेवावी, आणि मग करावी.

हिंगणघाटच्या पेटाऱ्यातली बारा रिळे वाचली. त्यांतल्या एकावर नागपूरकडच्या एका बुवांची बैठक आहे. त्यांचे नाव आज कोणाला ठाऊक नाही आणि त्यांची तबकडी कधी निघणारही नाही. पण बागेश्री त्यांनी असा मांडला आहे की दोन तास जागचे हलवत नाही. डब्यावर साल नव्हते. मध्येच वाफेच्या इंजिनाची शिट्टी येते, बुवा थांबतात, लोक हसतात. त्यावरून काळ साधारण ठरला. पुढे त्या गणपती मंडळाची जमाखर्चाची वही मिळाली आणि साल सापडले, १९६४. वहीत बुवांची बिदागी लिहिली आहे, सतरंज्यांचे भाडे लिहिले आहे, दूध आणि साखर लिहिली आहे. त्याखाली 'तबलजी, जाण्यायेण्याचे भाडे व विडा' एवढेच. त्या मंडळाच्या चिटणिसांच्या पत्नी आता नव्वदीच्या घरात आहेत. गेल्या महिन्यात त्यांना रीळ ऐकवले. पहिल्या तिहाईलाच त्या म्हणाल्या, "हा तर पुलगावचा मुलगा. आमच्याकडेच जेवला होता. भाकरी मागून घेतली होती त्याने." नाव आठवायला त्यांनी दोन दिवस मागितले आहेत.