बेहोश आणि सुन्न: अफझलगंजपासून पोटाच्या नसांपर्यंत

जुन्या जालन्यात कुणाच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं की घरातली थोरली माणसं विचारतात, "बेहोश करणार की नुसतं सुन्न?" उर्दूत हे दोन वेगळे शब्द आहेत. बेहोश म्हणजे ज्याचा होश गेला तो. सुन्न म्हणजे जिथं काही जाणवत नाही ती जागा. मराठीत आपण दोन्हींना सर्रास 'भूल' म्हणतो, आणि मग वाटतं, माणूस झोपला की दुखणंही झोपलं. तसं नसतं, हे कळायला डॉक्टरांनाही फार काळ लागला. त्या कहाणीतला एक मोठा अध्याय आपल्याच रियासतीत घडलाय.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये १८४६ पासून उर्दूतून डॉक्टरी शिकवली जात होती. १८८० च्या दशकात तिथं एडवर्ड लॉरी हे इंग्रज सर्जन आले. त्यांचं शिक्षण एडिंबरोचं, म्हणजे १८४७ मध्ये सिम्पसननं क्लोरोफॉर्म वापरात आणला त्याच गावचं. क्लोरोफॉर्मनं जगभर रुग्ण टेबलावरच दगावत होते. लॉरींचं ठाम मत होतं की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर; म्हणून नाडी बघत बसू नका, श्वास बघा. ते सिद्ध करायला १८८८ मध्ये पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं आणि कुत्र्यांवर प्रयोग झाले. लंडनच्या 'लॅन्सेट'ला ते पटेना. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १,००० पौंड देऊ केले: तुमचा माणूस पाठवा. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले, चारशेहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले आणि तेही लॉरींच्या बाजूचे झाले. त्याच वर्षी या स्कूलमधून 'हकीम' ही पदवी घेऊन बाहेर पडलेल्या रुपाबाई फर्दूनजी पुढे भूल देण्याच्याच कामात राहिल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात.

आपल्याकडे मुस्लिम वैद्यकाचा अभिमान म्हटला की लोक थेट अंदलूसला पोहोचतात. अफझलगंजचा दवाखाना कुणाला आठवत नाही. पण आठवायचा तर पुरता आठवावा: कमिशनचा निष्कर्ष अपुरा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदय एकाएकी फडफडून बंद पडू शकतं. म्हणजे औषध जास्त दिलं तर श्वास जातो, कमी दिलं तर हृदयाचा धोका. शिवाय पोट उघडायचं तर स्नायू सैल हवेत, आणि त्यासाठी भूल आणखी खोल करावी लागे. सगळी कामं एकाच औषधाकडून करून घेण्यातच मोठी अडचण होती.

वाट दुसरीकडून निघाली. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेननं डोळा सुन्न केला होता. पुढे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे सर्जन जॉर्ज क्राइल म्हणू लागले की माणूस बेहोश असला तरी कापल्याची खबर नसा मेंदूला देतच राहतात. म्हणून ते हलकी भूल देत आणि कापायच्या जागी नोव्होकेन टोचत. झोप वेगळी, बधिरपणा वेगळा. १९४२ मध्ये क्युरारेनं स्नायू सैल करता येऊ लागले. खोल भुलेची गरज कमी झाली आणि क्राइल यांचा विचार काहीसा मागे पडला.

२००१ मध्ये ए. एन. रफी यांनी पोटाच्या नसा बधिर करायची नवी पद्धत मांडली. पोटाच्या बाजूला स्नायूंचे तीन थर असतात. आतल्या दोन थरांमधून पोटाच्या भिंतीच्या नसा जातात. तिथं औषध सोडलं की ती भिंत काही तास सुन्न राहते. रफी यांनी जागा हातानं चाचपून शोधली होती. आता सोनोग्राफीत सुई दिसते. याला टॅप ब्लॉक म्हणतात.

याचा खरा उपयोग जाग आल्यावर कळतो. टाका दुखतो म्हणून रुग्ण खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, आणि छातीत कफ साचतो. दुखणं कमी झालं की मॉर्फिनसारखं औषध कमी लागतं, आणि त्यासोबत येणारी मळमळ, गुंगीही कमी होते. मात्र हा ब्लॉक फक्त भिंतीपुरता. आतड्याची, पित्ताशयाची कळ वेगळ्या नसांनी जाते, तिथं त्याचा हात पोचत नाही. म्हणून "बेहोश केलंच आहे, मग आणखी सुई कशाला?" असं कुणी विचारलं, तर उत्तर सोपं आहे: बेहोशी ऑपरेशन संपेपर्यंतची, आणि ही सुई त्यानंतरच्या रात्रीसाठी.