घट्ट धरू नका: स्प्रिंगच्या बंदुकीची गोष्ट

आजचा भाग बंदुकीबद्दल आहे, पण युद्धाबद्दल नाही. जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक असते ना, नळी मधून मोडून भरायची, ती म्हणजे स्प्रिंगची एअर रायफल. तिच्याबद्दल दोन वाक्यं कायम ऐकू येतात. नेमबाज म्हणतो, ‘नळीच वाकडी आहे.’ शेजारचा म्हणतो, ‘तुझा हातच हलतो.’ कधी कधी दोघांचंही बरोबर असतं. पण या बंदुकीचा नेम चुकण्याचं एक तिसरं कारण आहे, आणि त्यावर उपाय शोधण्यात युरोपातल्या भल्याभल्या कारागिरांची अनेक वर्षं गेली.

आधी यंत्र समजून घेऊ. आत एक पिस्टन असतो, त्याच्यामागे दणकट स्प्रिंग. नळी मोडली की स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो, समोरची हवा दाबतो आणि त्या दाबानं छर्रा सुटतो. गंमत अशी, की पिस्टन पुढे निघाला की उरलेली बंदूक मागे सरकते. मग पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटतो आणि बंदुकीला उलटा, पुढच्या बाजूचा झटका बसतो. आणि छर्रा? तो हलायला लागतो पिस्टनचा प्रवास संपत आल्यावर. म्हणजे नेम धरलेली बंदूक आधी हलते, छर्रा नंतर बाहेर पडतो.

किती हलते? मी इंजिनिअर, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. समजा बंदुकीचं एकूण वजन ३.६ किलो, त्यात पिस्टन आणि स्प्रिंगचा हलणारा भाग ३०० ग्रॅम. म्हणजे बारावा हिस्सा. पिस्टन ८४ मिलिमीटर धावला, तर मोकळी बंदूक ७ मिलिमीटर मागे येणार. सरळ मागे आली तर बिघडत नाही. पण दस्ता खांद्याला टेकतो तो नळीच्या रेषेच्या खाली, त्यामुळे तोंड वर उचललं जातं. एक मीटर लांबीत अर्धा मिलिमीटर कोन फिरला, तर १० मीटरवर छर्रा ५ मिलिमीटर सरकतो. आजच्या ऑलिंपिक लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि पाच मिलिमीटर म्हणजे दोन गुण गेले!

आता इतिहास. आधुनिक स्प्रिंग रायफलची गोष्ट बर्मिंगहॅममध्ये आकार घेते. तिथले बंदूक बनवणारे लिंकन जेफ्रीज यांनी १९०४ मध्ये आपल्या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षापासून बीएसए कंपनी त्या रायफली बनवू लागली. त्या भागातल्या पबमध्ये घंटेवर नेम धरायच्या स्पर्धा रंगायच्या. पत्र्याला छोटं भोक, मागे घंटा, वाजली की गुण. अंतर जेमतेम काही यार्ड, त्यामुळे झटक्याचा त्रास फारसा जाणवत नसे.

अंतर १० मीटर झालं, स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली, तेव्हा मात्र हा झटका नडायला लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांनी त्यावर तीन वेगवेगळे उपाय काढले. डायना कंपनीनं कुर्ट गीस यांच्या रचनेत दोन पिस्टन बसवले. एक पुढे धावला की दुसरा मागे, झटके एकमेकांना खाऊन टाकतात. आन्शुट्झनं तेलाचा डँपर लावला. आणि माउझरच्या जुन्या इंजिनिअरांनी ओबर्नडॉर्फला उभ्या केलेल्या फाइनवेर्कबाउनं १९६० च्या दशकात आपल्या मॉडेल १५० मध्ये सगळ्यात साधी युक्ती केली: नळी आणि पिस्टनचा सगळा भाग रुळांवर ठेवला. चाप ओढला की तो भाग मागे सरकतो, लाकडी दस्ता नेमबाजाच्या हातात स्थिर. म्हणजे झटका थांबवला नाही, त्याला जायला वाट करून दिली.

१९६६ च्या वीसबाडेनच्या जागतिक स्पर्धेत १० मीटर एअर रायफल आली, १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये आली. पण तोवर स्प्रिंगचे दिवस भरत आले होते. आधीच दाबून ठेवलेल्या हवेच्या रायफली आल्या, ज्यांत पिस्टन धावतच नाही. आपल्या अंजली भागवत २००० साली सिडनीला अंतिम फेरीत पोहोचल्या, त्या काळापर्यंत मोठ्या स्पर्धांतून स्प्रिंग जवळपास हद्दपार झाली होती.

मग रुळ नसलेल्या साध्या स्प्रिंग रायफलचं काय? तिथे उपाय हातानंच करावा लागला. अमेरिकी लेखक टॉम गेलॉर्ड यांनी त्या पकडीला नाव दिलं ‘आर्टिलरी होल्ड’, म्हणजे तोफेसारखी पकड. जुन्या तोफा प्रत्येक बाराला गाड्यासकट मागे जायच्या, पुन्हा नेम लावावा लागायचा. फ्रान्सच्या १८९७ च्या ७५ मिलिमीटर तोफेत नळी गाड्यावर मागे घसरून आपोआप जागेवर यायची, गाडा हलत नसे. इथेही तेच. पुढचा हात म्हणजे गाडा. उघड्या तळव्यावर रायफल नुसती ठेवायची, बोटं आवळायची नाहीत, दस्ता खांद्याला हलकेच टेकवायचा आणि तिला हवं तसं मागे येऊ द्यायचं.

पवित्र्याचा प्रश्नही यातूनच सुटतो. उभं राहून कोपर कमरेच्या हाडावर टेकवलं, की भार स्नायूंवर नाही, हाडांवर येतो आणि पकड सैल ठेवता येते. पालथं झोपल्यावर खांद्यावरचा दाब बदलतो, पट्टा लावला तर आणखी बदलतो, म्हणून छर्रा वेगळ्या जागी लागतो. टेबलावर बसून रायफल थेट लाकडावर टेकवली तर ती उसळते. तीच मऊ पिशवीवर ठेवलेल्या तळव्यावर ठेवा, छर्रे जवळजवळ पडतील. तळवा चापाजवळ असो की पुढे, जागा प्रत्येक वेळी तीच हवी. दोन इंच सरकला तरी नेम बदलतो.

हे सगळं सांगायचं कारण असं. ‘रायफल खांद्यात घट्ट दाबून धर’ हा सल्ला लष्करी रायफलींकडून आला आहे. तिथे गोळी एक-दोन मिलिसेकंदांत नळीबाहेर पडते, धक्काही जबर असतो, म्हणून तिथे तो सल्ला बरोबरच आहे. स्प्रिंगच्या रायफलला चापापासून छर्रा सुटेपर्यंत साधारण दहा मिलिसेकंद लागतात. आवळलेला हात दर वेळी थोडा वेगळा आवळतो, आणि तो फरक थेट लक्ष्यावर दिसतो. एखादी नवशिकी मुलगी सांगितल्याबरहुकूम जीव खाऊन बंदूक आवळते, छर्रे इकडेतिकडे जातात आणि वर ऐकून घेते, ‘तुझ्या हातात नेम नाही.’ दोष तिचा नसतो, दुसऱ्या यंत्रासाठीचा नियम तिला दिलेला असतो.

तुमच्या क्लबात कुणी शिकवत असेल तर एक प्रयोग करून बघा. जागा सुरक्षित, लक्ष्य तेच. पाच छर्रे आवळून, पाच उघड्या तळव्यावर. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि मग नवशिक्याच्या हाताबद्दल बोला. भेटू पुढच्या भागात.