तालमीतला

गडहिंग्लजला फुटबॉल बघताना ‘पाटाकडील तालीम’, ‘दिलबहार तालीम’ ही कोल्हापूरकर नावं कानावर येतातच. खेळ फुटबॉलचा, नाव आखाड्याचं! मूळ शब्द अरबी ‘तअलीम’. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, त्याच घराण्यातला. अर्थ शिकवण. फारसीच्या बोटाला धरून तो इकडे आला. उर्दूत शाळेत राहिला. मराठीत लाल मातीत उतरला, मग नाटकवाल्यांनीही उचलला.

ग्रीकमध्ये वाट उलटी. ‘गुम्नोस’ म्हणजे उघडा. उघड्या अंगाची कसरत ती ‘गुम्नासिया’. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय 4) हा आखाड्यातला शब्द भक्तीला लावलाय: अंगमेहनतीने थोडं साधतं, भक्तीच्या मेहनतीने इहलोक-परलोक दोन्ही. करिंथकरांपुढे तर संत पौलाने धावपटू आणि मुष्टियोद्धाच उभा केला. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरत. बक्षीस पानांचा मुकुट, चार दिवसांत सुकणारा. त्यासाठी एवढा संयम, मग न सुकणाऱ्यासाठी किती?

आता गल्लोगल्ली ‘जिम’ निघाल्यात, त्याच ग्रीक शब्दाच्या वंशातल्या. तरी पहिलवान, गवई, कार्यकर्ता अजून कुणाच्या तरी ‘तालमीत तयार’ होतो आणि नाताळाआधी चर्चमध्ये गाण्यांच्या तालमी लागतात. ‘अमक्याच्या जिममधला’ म्हटलं, तर फक्त दंड दिसतात. गुरू दिसत नाही.