पात्राचं वय किती लिहायचं?

गेल्या सुट्टीत भाचा कागद आणि फासे मांडून बसला होता. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा तो खेळ. गोष्ट आपल्या अहमदनगरच्या वेढ्याची. चांदबिबीच्या कागदावर त्यानं वय लिहिलं होतं : १९.

"मामू, हीरो तरुणच असतो ना?"

ही समजूत त्याच्या एकट्याची नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्याच्या १९७९च्या नियमपुस्तकात मानवी योद्ध्याचं वय ठरवताना १५मध्ये चार बाजूंच्या फाशाचा आकडा मिळवायचा. म्हणजे १६ ते १९. जादूगार मात्र २६ ते ४०चा. विद्येला वर्षं लागतात, तलवारीला लागत नाहीत, असाच जणू हिशोब.

नगरचा इतिहास हा हिशोब मोडतो. चांदबिबीचा जन्म १५५०च्या सुमाराचा. डिसेंबर १५९५मध्ये शहजादा मुरादनं किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तो पंचविशीचा होता आणि ती पंचेचाळिशीची. १५८०मध्ये विजापुरात तिचा पती अली आदिलशाह मारला गेला. नऊ वर्षांच्या इब्राहिमच्या नावानं तिनं कारभार पाहिला, दरबारची कारस्थानं सोसली, साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगली. सुरुंगानं फुटलेला नगरचा तट रातोरात बुजवून घेणारी बाई ती ही.

मलिक अंबरचंही तसंच. हबशाणात जन्मलेला, पुन्हा पुन्हा विकला गेलेला हा माणूस. १६००मध्ये नगरचा किल्ला पडला आणि त्यानं निजामशाही पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. पुढे १६२६मध्ये मरेपर्यंत तो मुघलांशी झुंजत राहिला.

आणि ज्यांच्या नावानं ही झुंज चालली, ते कित्येकदा मुलंच होती. चांदबिबी लढली ती तान्ह्या बहादुरशाहसाठी. पुढे १६३३मध्ये संगमनेरजवळच्या पेमगिरीवर शहाजीराजांनीही निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलालाच गादीवर बसवलं.

या माणसांना एकोणीस वर्षांचं केलं, तर गुलामी, वैधव्य, कैद सगळं पुसलं जातं. मग उरते नुसती तलवार. आपल्या समाजात पंचेचाळिशीच्या विधवेला "आता तुझं काय राहिलं?" म्हणणारे आजही आहेत. त्यांनी नगरच्या तटाकडे एकदा पाहावं.

भाच्यानं १९ खोडून ४५ लिहिलं. मग थोडं थांबून विचारलं, "मामू, आधीचं सगळं लिहायला जागाच नाही की!"

मी म्हटलं, "कागद उलटा कर."