आकाशातील उजेडाची सरकारी चौकशी

आकाशातून धावणारा अग्निगोल, म्हणजे नेहमीच्या उल्केहून कितीतरी प्रखर अशी उल्का, हा विजेसारखाच हवेतला प्रकार असतो आणि त्यामागोमाग दगड पडल्याच्या गोष्टी म्हणजे खेडूतांचा भोळेपणा, असे अठराव्या शतकातील बहुतेक युरोपीय विद्वान मानत. १७६८ मध्ये फ्रान्समधील ल्यूसे येथे पडलेला दगड तपासून रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी तो जमिनीतलाच असून त्यावर वीज पडली असावी, असा निर्वाळा दिला होता. हे दगड अवकाशातून येतात व अग्निगोल हा त्यांच्याच पतनाचा उजेड असतो, असे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७९४ मध्ये मांडले, ते फारसे कोणाला पटले नाही. विद्वानांचा हा समज मोडण्यात दोन सरकारी चौकशांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांपैकी पहिली बनारस जिल्ह्यात झाली.

१९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास निरभ्र आकाशात मोठा अग्निगोल दिसला, गडगडाट झाला आणि शहरापासून सुमारे १४ मैलांवर, गोमतीच्या उत्तरेस, क्राखुट असे कागदोपत्री नाव नोंदलेल्या गावाजवळ दगड पडल्याची बातमी आली. जिल्ह्याचे न्यायाधीश व मॅजिस्ट्रेट सॅम्युअल डेव्हिस, ज्यांनी पूर्वी सूर्यसिद्धान्ताचा अभ्यास करून हिंदू ग्रहगणितावर निबंध लिहिला होता, त्यांनी जागेवर माणूस पाठवला. यात देवादिकांचा हात असेल या शंकेने रात्री कोणी घराबाहेर पडले नव्हते, पण सकाळी शेतांत ठिकठिकाणी माती उकरलेली दिसली, असे गावकऱ्यांनी त्याला सांगितले. सापडलेल्या दगडांपैकी काही त्यांनी फोडले होते, तर काही तहसीलदाराकडे व इतरांकडे गेले होते. पंचनाम्याआधीच मुद्देमालाला पाय फुटण्याची परंपरा जुनीच म्हणायची. पीक जेमतेम दोन-तीन इंच वर आलेले असल्यामुळे ताजी माती ओळखू येत होती, आणि तेवढ्या खुणेवर त्या माणसाने सुमारे सहा इंच खोल रुतलेले चार दगड शोधून आणले.

हा वृत्तान्त बनारसमध्ये राहणाऱ्या जॉन लॉइड विल्यम्स यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवला. अशा दगडाला आज अशनी म्हणतात. बनारसच्या अशनीचे इंग्लंड, इटली व बोहेमिया येथे पडलेल्या दगडांसोबत रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा दूरदूरच्या या चारही दगडांतील लोखंडात निकेल निघाले.

पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, नॉर्मंडीतील लेगल येथे भर दुपारी अग्निगोल फुटून दगडांचा वर्षाव झाला, तेव्हा गृहमंत्री शाप्ताल यांनी २९ वर्षांचे भौतिकशास्त्रज्ञ जाँ-बातिस्त बिओ यांना चौकशीस धाडले. बिओ थेट लेगलला गेले नाहीत. आधी दूरच्या आलाँसाँपासून सुरुवात करून, उजेड व आवाज कोठवर पोचला होता हे त्यांनी वाटेत पारखून घेतले. मग त्यांनी गावोगाव पाद्री, मजूर, बायामुले अशा एकमेकांशी संगनमत होणे शक्य नसलेल्या साक्षीदारांच्या जबान्या जुळवल्या, आणि असा दगड त्या भागातील खाणींत किंवा भट्ट्यांच्या मळीत कोठेही नाही, याचीही खात्री केली. दगड पडलेल्या जागा नकाशावर मांडल्यावर सुमारे अडीच लीग लांब व एक लीग रुंद असे लंबवर्तुळ तयार झाले, ज्याच्या एका टोकाला मोठे दगड होते आणि दुसऱ्या टोकाला लहान. अफवेला असा आकार येत नाही.

जुलैमध्ये बिओ यांनी वाचलेला अहवाल दगड खरोखर पडले एवढ्याच निष्कर्षावर थांबणारा होता. ते चंद्रावरील ज्वालामुखींतून आले की दूरच्या अवकाशातून, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला.