इंग्रजी साहित्याच्या दुर्मिळ प्रथमावृत्त्या : संग्रह, बाजार आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना

साहित्याच्या इतिहासात आपण कृतीचा आशय, लेखकाचे चरित्र आणि समीक्षेची परंपरा यांचा विचार करतो. ती कृती वाचकाच्या हाती प्रथम ज्या रूपात आली, त्या वस्तुरूपाचा विचार मात्र क्वचितच होतो. कागद, बांधणी, वेष्टन, किंमत आणि छापलेल्या प्रतींची संख्या या बाबी ग्रंथपालाच्या वा व्यापाऱ्याच्या मानल्या जातात. विसाव्या शतकातील इंग्रजी साहित्याच्या प्रथमावृत्त्यांचा संग्रह हा छंद, बाजार आणि संशोधन अशा तीन अंगांनी वाढला. प्रथमावृत्ती दुर्मिळ कशामुळे होते, तिचे मोल कोण ठरवते आणि इतिहासाचे साधन म्हणून तिची योग्यता काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांशीही या प्रश्नांचा निकटचा संबंध आहे, तो अखेरीस मांडला आहे.

'प्रथमावृत्ती' या संज्ञेचा अर्थ

एकदा केलेल्या अक्षरजुळणीवरून जेवढ्या प्रती निघतात, त्या सर्व मिळून एक आवृत्ती होते. त्याच जुळणीवरून वेगवेगळ्या वेळी केलेली छपाई म्हणजे मुद्रण. छपाई चालू असताना एखादी चूक दुरुस्त झाली, तर एकाच मुद्रणातील प्रतींतही भेद निर्माण होतो. संग्राहक 'प्रथमावृत्ती' म्हणतो तेव्हा त्याला बहुधा पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण अभिप्रेत असते. हे भेद ओळखण्याच्या खुणांचे एक शास्त्रच दोन महायुद्धांमधील काळात तयार झाले. पर्सी म्यूर यांचे 'पॉइंट्स' हे पुस्तक १९३१ मध्ये, तर जॉन कार्टर यांचा ग्रंथसंग्राहकांसाठीचा कोश १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

एफ. स्कॉट फिट्झजेरल्ड यांची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्सने प्रकाशित केली. पहिल्या मुद्रणाच्या २०,८७० प्रती निघाल्या. पृष्ठ २०५ वरील एका मुद्रणदोषासारख्या खुणांवरून पहिले मुद्रण ओळखले जाते. वेष्टनाच्या मागील बाजूस नायकाच्या नावाचे आद्याक्षर चुकून लहान लिपीत छापले गेले होते, ते शाईने हाताने दुरुस्त केलेले आढळते. एका अक्षराची ही दुरुस्ती आज बाजारात मोठ्या रकमेचा फरक घडवते.

दुर्मिळता कशी घडते?

वीस हजारांहून अधिक प्रती निघालेले पुस्तक दुर्मिळ कसे ठरते, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. त्याचे उत्तर वेष्टनात आहे. फ्रान्सिस क्युगाट यांनी रंगवलेले हे वेष्टन पुस्तकापेक्षा किंचित उंच असल्याने लवकर फाटे. शिवाय त्या काळी वेष्टन हे दुकानातून घरापर्यंत पुस्तक स्वच्छ ठेवण्याचे साधन मानले जाई. वाचक ते फेकून देत आणि ग्रंथालये काढून टाकीत. परिणामी पुस्तके उरली, पण वेष्टने गेली. आज वेष्टनासह असलेल्या प्रतीला वेष्टनाविना असलेल्या प्रतीपेक्षा अनेक पटींनी अधिक किंमत मिळते. म्हणजे दुर्मिळता सदैव छपाईच्या वेळी ठरत नाही. तत्कालीन समाज कशाला टाकाऊ मानतो यावरही ती ठरते.

दुर्मिळतेचे दुसरे कारण म्हणजे राज्यसत्ता. जेम्स जॉइस यांच्या 'युलिसिस'चे काही भाग अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध होताच १९२१ मध्ये त्याच्या संपादिकांना अश्लीलतेच्या आरोपावरून दंड झाला. इंग्लंड-अमेरिकेत प्रकाशक मिळेना. अखेर पॅरिसमध्ये पुस्तकांचे लहानसे दुकान चालवणाऱ्या सिल्व्हिया बीच यांनी ते साहस केले. दिजाँ येथील मुद्रकाकडून छापून घेतलेले हे पुस्तक २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइस यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, प्रसिद्ध झाले. एकूण १००० प्रतींपैकी १०० प्रती हातकागदावर व लेखकाच्या स्वाक्षरीसह ३५० फ्रँकना, १५० प्रती २५० फ्रँकना आणि ७५० प्रती १५० फ्रँकना होत्या. पुढील मुद्रणांच्या अनेक प्रती अमेरिकेत जप्त झाल्या, तर जानेवारी १९२३ मधील ५०० प्रतींपैकी बहुतेक फोकस्टन बंदरात इंग्रज सरकारने ताब्यात घेतल्या.

डी. एच. लॉरेन्स यांच्या 'द रेनबो'च्या उरलेल्या प्रती १९१५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने नष्ट झाल्या. त्यामुळे 'लेडी चॅटर्लीज लव्हर' त्यांनी १९२८ मध्ये फ्लॉरेन्सला स्वखर्चाने १००० स्वाक्षरीत प्रतींत छापून घेतली. या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. लंडनमधील खटल्यात पेंग्विन प्रकाशन २ नोव्हेंबर १९६० रोजी निर्दोष सुटले. परंतु त्याच कादंबरीची प्रत बाळगल्याबद्दल व विकल्याबद्दल मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा 'रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये तत्कालीन दंड संहितेच्या कलम २९२ खाली कायम केली. ज्या पुस्तकाची प्रथमावृत्ती श्रीमंत संग्राहकाच्या कपाटात भूषण ठरत होती, तेच पुस्तक सामान्य वाचकाला विकणे येथे गुन्हा ठरले. मोल आणि मनाई यांचे हे साहचर्य संग्रहाच्या इतिहासात वारंवार दिसते.

तिसरे कारण म्हणजे लहान मुद्रणसंस्था. रवींद्रनाथांची इंग्रजी 'गीतांजली' १९१२ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने केवळ ७५० प्रतींत काढली. त्यांपैकी विक्रीसाठी २५० होत्या. १९१३ च्या नोबेल पुरस्काराने त्यांना एकाएकी वेगळेच मोल आले.

बाजाराचा चढउतार

१९२० च्या दशकात समकालीन लेखकांच्या प्रथमावृत्त्यांना मोठी मागणी आली. न्यूयॉर्कचे वकील जॉन क्विन यांच्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव १९२३-२४ मध्ये झाला. जोसेफ कॉनरॅड यांच्या ज्या हस्तलिखितांसाठी क्विन यांनी सुमारे १०,००० डॉलर मोजले होते, त्यांना सुमारे १,१०,००० डॉलर आले. हयात असलेल्या कॉनरॅड यांना त्या नफ्यातील काहीही मिळाले नाही. त्याच लिलावात 'युलिसिस'चे हस्तलिखित १,९७५ डॉलरना गेले, याचे जॉइस यांना वाईट वाटले. जानेवारी १९२९ मध्ये संगीतकार जेरोम कर्न यांच्या संग्रहाच्या विक्रीतून १७ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि मागोमाग ग्रंथबाजारही. जॉन गॉल्सवर्दी यांच्या प्रथमावृत्त्या तेजीत चढ्या दराने जात. १९३२ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला, तरीही त्या किमती सावरल्या नाहीत. बाजारभाव म्हणजे वाङ्मयीन मूल्य नव्हे, हा धडा त्या पिढीने नुकसान सोसून घेतला.

पुरावा म्हणून ग्रंथ

१९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांनी एकोणिसाव्या शतकातील काही पुस्तिकांची चौकशी प्रसिद्ध केली. प्रथमावृत्त्या म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक पुस्तिकांच्या कागदात एस्पार्टो गवत वा रासायनिक लाकडी लगदा सापडला. इंग्लंडमध्ये हे पदार्थ अनुक्रमे १८६१ व १८७४ नंतरच कागदासाठी वापरात आले, त्यामुळे त्यांवर छापलेली आधीची वर्षे खोटी ठरली. संशय थॉमस वाइज या अत्यंत प्रतिष्ठित संग्राहकाकडे वळला. वाइज यांच्याच सूचींवर तोवर सर्वांची भिस्त होती. मान्यवराच्या शब्दापेक्षा वस्तूची तपासणी श्रेष्ठ, हे इतिहासशास्त्राचे तत्त्व ग्रंथसंग्रहाच्या क्षेत्रात त्यामुळे रुजले.

प्रथमावृत्ती म्हणजे निर्दोष पाठ, असा मात्र समज करून घेऊ नये. 'युलिसिस'ची पहिली आवृत्ती मुद्रणदोषांनी भरलेली होती. अमेरिकेतील बंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठल्यावर रँडम हाउसने १९३४ मध्ये काढलेल्या आवृत्तीची जुळणी नजरचुकीने एका चोरट्या आवृत्तीवरून झाली. हान्स वाल्टर गाब्लर यांनी १९८४ मध्ये सिद्ध केलेल्या पाठावरही वाद झाला. हे सारे वाद पडताळता येतात, कारण मूळ प्रती जपल्या गेल्या आहेत. प्रथमावृत्तीचे महत्त्व अचूकतेत नाही, ते साक्षीत आहे.

न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातील बर्ग संग्रह (१९४०) आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाचे केंद्र (१९५७) यांनी खाजगी कपाटांतील अशी साधने संशोधकांना खुली केली. त्याचबरोबर ब्रिटिश लेखकांचे कागद अमेरिकेत गेल्याची खंतही इंग्लंडमध्ये व्यक्त झाली. जपणूक जेथे होते, तेथे इतिहासलेखनाची सत्ताही जाते.

आपली ग्रंथालये

भारतीयांनी लिहिलेल्या इंग्रजी साहित्यालाही हाच विचार लागू पडतो. मुल्क राज आनंद यांची 'अनटचेबल' (१९३५), आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स' (१९३५) आणि राजा राव यांची 'कांतापुरा' (१९३८) या कादंबऱ्या प्रथम लंडनमध्ये प्रसिद्ध झाल्या. अरुण कोलटकर यांचा 'जेजुरी' हा संग्रह मात्र १९७६ मध्ये मुंबईतच, कवींनी मिळून चालवलेल्या 'क्लिअरिंग हाउस'ने काढला. २००५ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेली आवृत्ती वाचूनही कविता कळते. परंतु मोठ्या प्रकाशकावर न विसंबता मुंबईच्या कवींनी उभारलेला तो उद्योग कसा होता, हे पहिल्या आवृत्तीची घडण पाहिल्यावाचून कळत नाही.

आपल्या जुन्या महाविद्यालयांत खरेदीच्या वा देणगीच्या रूपाने अशी पुस्तके आलेली असू शकतात. तेथे वेष्टन काढणे, कडा कापून कापडी बांधणी करणे आणि जीर्ण म्हणून निर्लेखन करणे हा दीर्घकाळचा प्रघात आहे. वाळवी, कसर आणि दमट हवा यांनी उरलेले काम होते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पुस्तक टिकावे व वाचले जावे, हाच उद्देश असतो. तथापि निर्लेखनाच्या यादीत पुस्तकाचे नाव आणि दाखल क्रमांक असतो, आवृत्ती व मुद्रणवर्ष यांचा विचार होतोच असे नाही.

ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत संग्राहकाला नकोशी असते आणि बाजारात तिची किंमत घटते. इतिहासकाराचा हिशेब याच्या उलट आहे. प्रकाशनानंतर किती वर्षांनी ते पुस्तक एखाद्या तालुक्याच्या गावी पोहोचले, कोणत्या वर्षी किती वेळा घरी नेले गेले, कोणत्या प्राध्यापकाने समासात टिपण केले, हे त्या शिक्क्यांवरून, तारखांच्या चिठ्ठीवरून आणि दाखल नोंदवहीवरून कळते. असा पुरावा लंडनच्या वा न्यूयॉर्कच्या निष्कलंक प्रतीत सापडणार नाही.

समारोप

प्रथमावृत्तीची दुर्मिळता निसर्गदत्त नसते. मनाई, अल्प छपाई, दुर्लक्ष आणि हव्यास यांतून ती घडते. बाजार तिची किंमत ठरवतो, परंतु तिचे ऐतिहासिक मोल तिच्यावर उमटलेल्या खुणांत असते. महागड्या प्रती विकत घेण्याची ऐपत आपल्या संस्थांची नाही आणि त्याची निकडही नाही. निर्लेखनापूर्वी प्रत्येक जुन्या ग्रंथाचे मुद्रणपृष्ठ पाहणे, वेष्टन असल्यास ते जपणे, बांधणी करताना कडा न कापणे आणि जुन्या दाखल नोंदवह्या रद्दीत न घालणे, एवढे तरी करता येईल. इंग्रजी, इतिहास आणि ग्रंथालयशास्त्र या विभागांनी हे काम मिळून करावयाचे आहे. त्याला अनुदान लागत नाही. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी पुस्तक उघडून पाहण्याची सवय लागते.